जरा सरका, माउली

वारीहून परतलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पाय दुखले का, आणि पाऊस लागला का. झोपलात कुठे, हे कोणी विचारत नाही, आणि सांगण्यासारखं तर सगळं तिथेच घडलेलं असतं. आळंदी ते पंढरपूर हे अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालणं त्या मानाने सोपं. वाट चुकायची सोयच नाही. पुढे माणसं, मागे माणसं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. तुम्ही नुसते पाय उचलत राहिलात तरी संध्याकाळी मुक्कामाच्या गावात आणून सोडले जाता. तोवर गर्दी तुमच्या बाजूची असते. दिवस कलला की लक्षात येतं, तीच गर्दी तुमच्या आधी पोचलेली आहे आणि तिने पथारी पसरलेली आहे.

गोम अशी आहे, की उभा माणूस फारसा महाग पडत नाही. चालताना त्याला दीड फूट रस्ता पुरतो, फुगडी चालू असेल तर थोडा जास्त लागतो, आणि कीर्तनाला बसला तर मांडीला मांडी लावून शेजाऱ्याच्या हिश्शातही भागवतो. पण आडवा झाला, की त्याचा भाव एकदम साडेपाच फूट बाय दोन फूट होतो. जेजुरीहून पालखी वाल्ह्याला येते. वाल्हं हे वाल्मीकींचं नाव सांगणारं लहानसं गाव. तिथे एरवी जितकी माणसं रात्री झोपतात, त्याच्या कितीतरी पट माणसं त्या एका रात्री झोपायला येतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत निघून जातात. मग शाळा, देवळं, चावडी, ओटे, गोठे, ट्रकच्या खालची जागा, ट्रकच्या टपावरची जागा, काही म्हणजे काही शिल्लक राहत नाही. दुकानाच्या शटरसमोरची पायरी ही त्यातली मोक्याची. वर पत्रा, मागे भिंत, आणि सकाळी मालक येईपर्यंत उठवणारं कोणी नाही. मालक येतो तो हातात चहाची किटली घेऊन, त्यामुळे त्यानंतरही उठावंसं वाटत नाही.

झोपेच्या दृष्टीने वारीत माणसं दोन प्रकारची: दिंडीतली आणि मोकळी. दिंडीतला माणूस निघण्याआधी भिशी भरतो. त्या बदल्यात त्याची वळकटी ट्रकमधून जाते, दोन वेळचं जेवण पुढ्यात येतं आणि रात्री तंबूत एक जागा त्याची असते. मोकळा माणूस खांद्यावर पिशवी टाकून निघतो आणि 'माउली बघून घेईल' म्हणतो. माउली बघून घेते हे खरं, पण साधारण रात्री दहाच्या पुढे.

या सगळ्या रचनेमागे हैबतबाबा आरफळकर आहेत. साताऱ्याकडच्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी होते. फौजेचा तळ कसा पडतो आणि कसा उठतो, हे त्यांनी पाहिलेलं. म्हणून सोहळ्यात चोपदार आहेत, कर्णा आहे, घोडे आहेत आणि दिंड्यांना क्रमांक आहेत: रथापुढे २७, रथामागे शेकड्यांनी. पुण्याच्या एका गृहस्थांनी आमच्या दिंडीप्रमुखांना फोन करून विचारलं, "राहायची सोय कशी आहे? म्हणजे, अटॅच्ड आहे का?" दिंडीप्रमुख मोठा शांत माणूस. ते म्हणाले, "माउलींच्या पादुकासुद्धा बहुतेक मुक्कामांना तंबूतच असतात, साहेब. तो तंबूही अंकलीच्या शितोळे सरकारांचा. त्यांच्याकडे चौकशी करून सांगतो."

तळावर प्रत्येक दिंडीची जागा परंपरेने ठरलेली असते. त्या बाभळीपासून त्या विहिरीपर्यंत आपलं, असं. पुढे बाभूळ तुटते, विहीर बुजते, शेताच्या मालकाला मुलासाठी घर बांधावंसं वाटतं. पण दिंडीच्या डोक्यातल्या नकाशात बाभूळ, विहीर दोन्ही शाबूत. ट्रक आडवाटेने पुढे जातो, पोरं उतरतात आणि बांबू कुठे रोवायचा हे शोधायला त्या घराच्या पायरीपर्यंत येतात. घरमालक म्हणतो, "हितं आता माझं अंगण हाय." दिंडीवाले म्हणतात, "हो, पण त्याच्या आधी आमचा तंबू होता." असा वाद कोर्टात दहा वर्षं चालला असता. इथे तो पाच मिनिटांत मिटतो, कारण घरमालकाची आई बाहेर येते आणि विचारते, भाकऱ्या किती जणांच्या टाकू. तंबू अंगणात पडतो. घरमालक त्या रात्री स्वतःच्या गच्चीवर झोपतो.

दिंडीत नाव असलं म्हणजे प्रश्न सुटला, असं मात्र नाही. तंबू आहे हे खरं, पण तो सापडला पाहिजे. टेकाडावरून पाहिलं तर खाली सगळीकडे पांढरे तंबू, सगळ्यांवर भगव्या पताका, सगळ्यांपुढे ट्रक, आणि सगळ्या ट्रकांवर 'माउली' लिहिलेलं. माणूस फोन काढतो. लाखो लोकांनी एकदम फोन काढलेले असल्यामुळे तो लागत नाही. लागला, तर संवाद असा होतो.

"कुठंय तंबू?"

"पाण्याच्या टँकरजवळ."

"मी पण टँकरजवळच आहे."

"मग हात वर कर."

तो हात वर करतो. त्याच वेळी तळावर आणखी चाळीस-पन्नास हात वर होतात, कारण तेवढेच टँकर असतात आणि तेवढेच फोन चालू असतात. शहाण्या दिंड्या यावर उपाय म्हणून उंच बांबूला खूण बांधतात. कोणी हिरवा दिवा लावतं, कोणी जुनी बादली टांगतं. आमच्या शेजारच्या दिंडीने एके वर्षी फाटकी छत्री टांगली होती. दुसऱ्या मुक्कामापर्यंत आसपासच्या तीन दिंड्यांनी छत्र्या टांगल्या.

पुण्यातल्या मुक्कामाचा नखरा वेगळा. तिथे माउली भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी, दोघेही दोन-दोन रात्री. त्यामुळे सगळ्या पेठाच मुक्कामाचं गाव होतात. काही घरांत आजोबांच्या वेळेपासून एकच दिंडी उतरते. मधल्या काळात वाडा गेला, सहा मजली इमारत आली, चौकाच्या जागी पार्किंग आलं. दिंडी त्याच चौकोनात सतरंज्या अंथरते. अशा एका इमारतीत सूचनाफलक पाहिला. 'गाड्या दोन दिवस बाहेर लावाव्यात. वारकऱ्यांना लिफ्ट कशी वापरायची ते मुलांनी सांगावे, रागावू नये. पाणी २४ तास चालू राहील. दुपारी १ ते ४ देखील.' शेवटच्या ओळीखाली कोणीतरी पेनाने रेघ मारली होती. पुणेकराने एवढा त्याग केल्यावर अधोरेखित करायचा नाही तर काय करायचं?

पुण्याहून सासवडला जायचं ते दिवे घाट चढून. चाल सगळ्यांत मोठी, बहुतेक वर्षी एकादशीचा उपास, त्यामुळे सासवडला माणूस जिथे टेकतो तिथेच झोपतो. त्या रात्रीबद्दल कोणालाच काही आठवत नाही.

तंबूतली खरी विद्या मला परभणीकडच्या एका आजींनी शिकवली. त्यांचा चष्मा दोऱ्याने बांधलेला आणि सामान म्हणजे एक पिशवी, एक प्लॅस्टिकचा कागद. हा कागद दिवसा इरलं, दुपारी सतरंजी, रात्री गादी, आणि पाऊस आडवा आला तर भिंत. मी पाठीवर जी महागडी सॅक वाहत होतो, तिच्यात या चारांपैकी एकही गोष्ट नीट नव्हती. तंबूत शिरल्यावर आजी आधी सामान ठेवत नाहीत. आधी खाली बसून जमिनीवर तळहात टेकवतात आणि चढ कुठे, उतार कुठे ते बघतात.

"डोकं चढाकडं, पाय उताराकडं," त्या म्हणाल्या. "पानी आलंच तर आधी पायाला कळतं. डोक्याला कळायला येळ असतो."

खांबाजवळ झोपायचं नाही, कारण अंधारात येणारा प्रत्येक जण खांबाला धरायला जातो आणि त्याच्या हाती तुमचं नाक लागतं. दाराजवळ तर मुळीच नाही. मधोमध ऊब असते, पण बाहेर जाताना दहा माणसं ओलांडावी लागतात, त्यामुळे ज्याला रात्री उठावं लागतं त्याने कडेला जावं. चपला उशाशी, पिशवीचा बंद मनगटाला. काठापाशी झोपणाऱ्याने संध्याकाळीच तंबूभोवती वीतभर चर खणून घ्यावी. काळ्या रानात पाऊस सुरू झाल्यावर खणायला गेलं की चरीतून माणूस वर काढावा लागतो.

यापेक्षा मोठी विद्या मोकळ्या वारकऱ्यांकडे असते. भरलेल्या तंबूच्या तोंडाशी येऊन 'जागा आहे का' असं ते कधीच विचारत नाहीत. या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला लागू शकतं आणि मग सगळ्यांचीच पंचाईत. ते म्हणतात, "जरा टेकू का, माउली?" टेकायला कोण नाही म्हणणार? मग टेकलेला माणूस गुडघे दुखतात म्हणून एक पाय लांब करतो. गावाकडची चौकशी होते, पाऊसपाण्याची होते, सोयाबीन उगवलं का याची होते. दुसरा पाय लांब होतो. पाठ पिशवीला लागते. अर्ध्या तासाने बघावं तर तो पूर्ण आडवा, आणि आपण कुशीवर. त्यात तुमचं काही हिरावून घेतलं असं वाटतसुद्धा नाही. मध्यरात्री आणखी कोणी आला, की पहिला धक्का मारणाराही तोच. "जरा सरका, माउली." मालगाडीचं इंजिन लागल्यावर डब्यामागून डबा हलत जावा, तसा तो धक्का या टोकापासून त्या टोकाला जातो आणि पलीकडचा शेवटचा वारकरी झोपेतच कनातीखालून बाहेर चांदण्यात जातो. तो सकाळी म्हणतो, काल काय छान वारं सुटलं होतं.

सगळेच माउली असल्याने अंधारात एक अडचण येते. "माउली, तुमचा पाय" असं कोणी म्हणालं, की तंबूतले सगळे पाय एकदम आखडतात. जो खरा आरोपी असतो तो तेवढा घोरत असतो.

घोरणं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर मी फार सोसलं आहे. वर्गखोलीत त्याचा घुमारा जास्त. ज्या शाळेत आम्ही एकदा उतरलो तिथे बाकं व्हरांड्यात रचलेली, भिंतीवर लवकर झोपून लवकर उठण्याचे फायदे सांगणारा सुविचार, आणि त्याच्या बरोबर खाली एक भरदार देहाचे बुवा. त्यांनी सुविचाराचा पहिला भाग तंतोतंत पाळला. साडेआठला झोपले. नऊला खिडकीची तावदानं हलू लागली. कापसाचे बोळे, कानावर उपरणं, कूस बदलवणं, सगळे उपाय झाले. कूस बदलली की बुवा दुसऱ्या सुरात जात. यावर एकच इलाज आहे, घोरणाऱ्याच्या आधी झोपणं. त्यासाठी तो कोण हे आधी ओळखता आलं पाहिजे. माझं निरीक्षण असं, की जो माणूस 'मला मेलं नव्या जागी झोपच लागत नाही' असं जाहीर करतो, त्याच्यापासून निदान एक वर्ग सोडून झोपावं.

बरं, झोप लागली तरी ती पुरी होऊ देण्याचा कोणाचा विचार नसतो. दोनच्या सुमाराला बायका टँकरवर आंघोळीला निघतात, कारण नंतर गर्दी होते. सगळ्यांनीच हा विचार केल्यामुळे गर्दी दोनलाच होते. फिरत्या शौचालयांपुढची रांगही त्याच हिशोबाने एकलाच लागते. स्वयंपाकाची भांडी ट्रकमध्ये चढतात, आणि ती शांतपणे चढवता येतात हे अजून कोणाला माहीत नाही. मग कर्णा. तो तीनदा होतो: पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला निघायचं. पहिल्या कर्ण्याला डोक्यावरचा तंबू जातो. अंगावरचं पांघरूण मात्र थोडा निर्लज्जपणा अंगी असेल तर दुसऱ्यापर्यंत टिकवता येतं.

या सगळ्यातून सुटण्याची एक आधुनिक वाट निघाली आहे. दिवसभर चालायचं, संध्याकाळी घरची गाडी बोलवायची, फलटणला किंवा बारामतीला लॉजवर झोपायचं आणि सकाळी गाडीने परत त्याच मैलाच्या दगडापाशी येऊन, आदल्या दिवशी जिथे पाऊल थांबलं तिथूनच पुढचं पाऊल टाकायचं. हिशोबात गडबड नको. यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. गुडघा ज्याचा त्याचा. पण हे लोक आमच्यापेक्षा दमलेले दिसतात. गाडीला रस्ता बंद, गाडी तीन कोस लांब उभी, तिथवर चालत जायचं, लॉजवाला म्हणतो खोली नाही, जिन्याखाली गादी टाकतो, भाडं खोलीचंच. पहाटे पुन्हा गाडी अडते. अशा एका जोडप्याला मी बरडच्या पुढे भेटलो. बाई म्हणाल्या, काल दिंडीत झोपलो असतो तर निदान जेवण तरी मिळालं असतं. नवरा गाडीच्या चालकाला फोन लावत होता. तो टँकरजवळ होता.

जागेवरून भांडण होतच नाही असं कोणी सांगेल तर विश्वास ठेवू नका. होतं. फक्त त्याची तऱ्हा निराळी आहे. संध्याकाळी तळावर पालखी आली की समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. एवढा जमाव इतका गप्प होऊ शकतो हे पाहिल्याशिवाय खरं वाटणार नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, पाण्याची, जागेची, क्रमाची, ती दिंडी मात्र टाळ वाजवणं थांबवत नाही. सगळा तळ चिडीचूप आणि एका कोपऱ्यातून टाळ चालूच. चोपदार तिथे जातात, विचारपूस करतात, निवाडा होतो आणि तो टाळ थांबतो. अर्ज नाही, झेरॉक्स नाही, उद्या या नाही. आमच्या घराजवळच्या एका कचेरीत मी सात-बाराच्या दुरुस्तीसाठी खेटे घालत होतो, तेव्हा सोबत टाळ न्यावेत असं फार मनात आलं. तळावर मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. घड्याळ सापडलंय, ओळख पटवून न्यावं. पैशाचं पाकीट सापडलंय. पाकिटं परत मिळतात, फोन परत मिळतात, चुकलेली आजोबामंडळी परत मिळतात. उशी हरवल्याचा पुकारा मात्र मी ऐकलेला नाही. उशी आणतं कोण?

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात आणि पंढरपूर दिसू लागतं. तिथे तर आजवरच्या सगळ्या मुक्कामांची गर्दी एका गावात. मठ भरलेले, धर्मशाळा भरलेल्या. पंढरपूरकर आपल्या घरातल्या खोल्या वारकऱ्यांना देतात आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपतात. ओट्याखाली डोकं, फ्रिजपाशी पाय. पूर्वी वाळवंटातच राहुट्या पडत, आता पलीकडे पासष्ट एकरांत तंबूंची वसाहत असते. तिथे दिंड्यांना रीतसर प्लॉट आखून मिळतात. चंद्रभागेकाठी प्लॉट, समोर कळस, पाणी, वीज, आणि तेही फुकट. चार दिवसांत रिकामा करावा लागतो एवढंच, नाहीतर पुण्याच्या बिल्डरांनी आधीच्या वर्षीच रांग लावली असती.

पण झोपण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे पदस्पर्शाची दर्शनरांग. ती पत्राशेडमधून निघून पार गोपाळपूरच्या बाजूला जाते आणि तिच्यात दिवस-रात्र जाते. सगळ्या वाटेत ही एकच जागा अशी, की तिथून तुम्हाला कोणी उठवत नाही, फक्त पुढे सरकवतं. लोक उभ्याने झोपतात, कठड्याला टेकून झोपतात, पाळीपाळीने एकमेकांच्या खांद्यावर झोपतात. परभणीच्या आजींना रांगेत उभं राहायची हौस नव्हती. त्यांनी नामदेव पायरीशी डोकं टेकवलं, लांबून कळस पाहिला आणि म्हणाल्या, "त्यालाबी गर्दीच हाय आत. आपन कशाला आनखी?"

पौर्णिमेला गोपाळकाला झाला की सगळे एकदम घरी निघतात. एस.टी.च्या तात्पुरत्या स्थानकावर मी आजींना गाडीत बसवून द्यायला गेलो होतो. आळंदीपासून ज्यांनी रोज रात्री कोणा ना कोणासाठी अंग चोरलं, त्या बाईंना आता निदान खिडकीची जागा मिळावी, असा माझा हेतू. गाडी अजून थांबायची होती. तेवढ्यात माझ्या कानाजवळून काहीतरी सूं करत गेलं आणि खिडकीतून आत पडलं. आजींचा प्लॅस्टिकचा कागद होता, घडी करून, दोरा बांधून. आत एक बुवा त्या जागेवर बसायच्या बेतात होते. तेच ते, सुविचाराखालचे.

"जरा सरका की, माउली," बुवा हात जोडून म्हणाले.

"माउली ऱ्हायली पंढरपुरात," आजी पायरी चढता चढता ओरडल्या. "कागद माझा हाय. उठा!"